घाटाच्या काठाकाठानं पाच दिवस: पितळखोऱ्यापासून अजिंठ्यापर्यंत

अजिंठा आमच्यातल्या सगळ्यांनी बघितलेला. कोणी सातवीच्या सहलीत, कोणी लग्न झाल्यावर पाहुण्यांना दाखवायचं म्हणून. पण अजिंठ्याचा डोंगर कोणीच बघितलेला नव्हता. आम्ही परभणीचे, आमच्याकडं गावाबाहेरची टेकडी पण डोंगर म्हणून खपते, आणि पुण्याचे मित्र तर सरळ विचारतात की मराठवाड्यात कुठं आलेत रे डोंगर. त्या प्रश्नाचा राग मनात होताच. त्यात गणपती उठल्यावर मामा घरी आले आणि म्हणाले, माझ्या घाटांवरून एकदा हिंडून येऊ.

मामा म्हणजे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. कन्नडचा घाट, हळद्याचा घाट, अजिंठ्याचा घाट, सगळीकडं गाडी चालवलेली. त्यांचं म्हणणं असं की तीस वर्षं या डोंगरातून गेलो पण एकदाही खाली उतरून बघितलं नाही, कारण टायमिंग. मग मी, मामा, आमचे दाजी आणि दाजींचा पोरगा बारक्या (अकरावी सायन्स, गणिताचा वैरी) असे चौघं दाजींच्या बोलेरोतून निघालो. सप्टेंबरचा शेवट, गुरुवार ते सोमवार. सोमवार हा वार लक्षात ठेवा.

दिवस पहिला, गुरुवार

पहाटे साडेचारला निघालो. जिंतूर, मंठा, जालना. ताईनं धपाटे बांधून दिलेले, सोबत घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. दाजींना डॉक्टरनी तिखट कमी करा सांगितलंय, म्हणून त्यांनी ठेचा वेगळ्या डबीत घेतलेला, आम्हाला मिळू नये म्हणून. जालन्याच्या पुढं एका लिंबाखाली गाडी लावून खाल्लं आणि संभाजीनगर बाहेरूनच टाळून वेरूळवरून कन्नडकडं. वेरूळला थांबायचं नाही हे घरूनच ठरलेलं, कारण वेरूळला थांबलं की तिथंच दिवस जातो. दौलताबादचा किल्ला डाव्या हाताला बघत बघत गेलो. सगळे तिथंच थांबतात म्हणून आपण नाही थांबायचं, असा फुकटचा माज पण होता थोडा.

कन्नडला चहा घेऊन कालीमठाकडचा रस्ता धरला. दोन्हीकडं मका आणि अद्रक. मधे मॅपनं आम्हाला एका शेतात नेऊन सोडलं, समोर गोठा आणि आत म्हैस, ती आमच्याकडं बघतीय आणि आम्ही तिच्याकडं. मामा म्हणाले, मॅपला काय कळतंय, माणसाला विचारावं. विचारलं. नीट रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळानं सपाट माळ एकदम संपला. म्हणजे हळूहळू उतार वगैरे काही नाही, जमीन तिथं तुटूनच पडल्यासारखी. खाली हिरवीगार दरी आणि पलीकडं धुक्यात खानदेश. बारक्या कठड्याला धरून गप उभा राहिला, आणि तो गप राहणं ही आमच्या घरात बातमी असते.

पितळखोऱ्याच्या लेण्या या कड्याच्या पोटात आहेत. पायऱ्या उतरायला लागतात, मी मोजत होतो पण दोनशेच्या पुढं चुकलो. खाली नाला, नाल्यावर लोखंडी पूल, वरून धबधबा, आणि चौघं सोडून दुसरं कोणीच नाही. अजिंठ्यातल्या बऱ्याचशा लेण्यांपेक्षा जुनं काम आहे इथलं, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासूनचं. दगड मात्र कच्चा, त्यामुळं पुढच्या भिंती ढासळल्यात आणि जागोजागी सिमेंटचे टेकू दिलेत. ते बघून आधी जरा हिरमोडच होतो. पण चार नंबरच्या लेण्यापाशी या. जोत्यावर हत्तींची रांग कोरलीय, जणू सगळं लेणं हत्तींच्या पाठीवर उचललंय, दाराच्या दोन्ही बाजूला भाले आणि ढाली घेतलेले द्वारपाल उभे, आणि बाजूला नाग. आतलं पाणी बाहेर काढायचा पाट थेट त्या नागाच्या फण्यांतून काढलाय. दाजी नळफिटिंगचं दुकान चालवतात. ते त्या नागापाशी वीस मिनिटं बसले, हात घालून उतार किती दिलाय बघत. म्हणाले, दोन हजार वर्षं झाली आणि उतार बरोबर आहे, आपल्या नगरात मागच्या वर्षी केलेल्या नालीचं पाणी उलटं घरात येतंय.

चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, खांबांवर रंगीत चित्रं उरलीत, ती नंतरची, महायान काळातली. पण मला भारी वाटले ते दानाचे लेख. एका खांबाचं दान पैठणच्या एका गंधिकानं दिलंय, म्हणजे अत्तरवाला. दुसरीकडं एका राजवैद्याचं नाव आहे. इथंच सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीच्या हातावर लिहिलंय की कण्हदास सोनारानं केली, ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे राजा नाही, महाराजा नाही. सोनार, अत्तरवाला, वैद्य. पैठणचा अत्तरवाला या असल्या दरीत खांब का बांधून देईल, हे मी मोठ्यानं विचारलं तर मामा म्हणाले, सोपं आहे, त्याचा रूट असणार. पैठणहून माल निघाला की खाली खानदेशात उतरायला घाट लागणारच, घाट उतरायच्या आधी रात्री थांबायचं, सकाळी देवाचं नाव घेऊन उतरायचं. आम्ही पण घाटाच्या तोंडाशी नारळ फोडायचो.

हे मामांचं वाक्य पुढं पाचही दिवस आमच्या डोक्यात राहिलं. तुम्ही पण या भागात गेलात तर लेणी नि किल्ले सुटे सुटे बघू नका, आधी तिथला घाट कुठंय विचारा.

वर चढताना दम निघाला. मधे टेकलो तेव्हा खालच्या जंगलाकडं बोट दाखवून बारक्याला सांगितलं की या दरीच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे, तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा उल्लेख आहे, त्यांच्या नातवानं, चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा लेख आहे, १२०७ सालचा. बारक्या म्हणाला, म्हणजे तेव्हापासून क्लासेस आहेत.

रात्री कन्नडला मुक्काम. लॉजचं नाव लिहीत नाही, पण गादीतून कापूस बाहेर आणि डास आत अशी परिस्थिती होती. ढाब्यावर शेवभाजी आणि बाजरीची भाकरी, सोबत कांदा हातानं फोडून. तर्री बघून दाजींनी आधी डॉक्टरांची माफी मागितली मग सुरुवात केली.

दिवस दुसरा, शुक्रवार

आज अंतूर. कन्नड तालुक्यातलाच किल्ला पण पोचायला अर्धा दिवस खातो. नागापूरकडून आत शिरलो, नंतर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि खड्डे, रात्री पाऊस पडल्यानं चिखल. एका जागी बोलेरो बसली ती बसलीच. बाजूच्या शेतातून तिघं जण आले, दोन दगड आणि मक्याची धाटं चाकाखाली टाकली आणि पाच मिनिटांत बाहेर काढली. पैसे घ्यायला तयार नाहीत, उलट चार कणसं दिली. शेवटचं अंतर चालत.

जाताना दगडी खांबाबद्दल ऐकलं होतं तो बघितला. निजामशाहीतला, चौकोनी, चार अंगांना फारसी अक्षरं, आणि त्यात कुठल्या दिशेला कुठलं गाव ते लिहिलेलं. म्हणजे चक्क दिशादर्शक बोर्ड! मामांना एवढा आनंद मी त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी पण बघितला नव्हता. खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, बघ, चारशे वर्षं झाली तरी वाचता येतंय, नाहीतर आपले बोर्ड, वाढदिवसाचं पोस्टर लावून गाव झाकून टाकतात.

अंतूर एका सोंडेवर आहे. पठारापासून ती सोंड मधे खंदक कापून तोडलीय, त्यामुळं समोरून आलात की एक अखंड उभी भिंत दिसते. वळणावळणानं एकामागे एक दरवाजे, वरती फारसी लेख. आत मोठा तलाव, काठाला मशीद आणि जवळच दर्गा, तिथं ताजी चादर आणि उदबत्ती होती, म्हणजे लोक अजून येतात. दोन बायका आणि एक म्हातारे बाबा नवस फेडायला आलेले, कपाळाला कुंकू आणि डोक्यावर पदर घेऊन त्या बायकांनी चादरीला हात लावला, प्रसाद म्हणून आम्हाला चिरमुरे-रेवड्या दिल्या. आमच्याकडं हे असंच असतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, पण हल्ली लिहावं वाटतं.

एक सूचना. दरवाज्याच्या कमानीला आग्या मोहळ होतं. त्या बाबांनीच हळूच सांगितलं, आवाज करू नका, सेंट मारला असेल तर रुमालानं पुसा. बारक्यानं सेंट मारला होता. तो डोक्यावर टॉवेल घेऊन नवरीसारखा खाली मान घालून गेला, आणि तो व्हिडिओ त्याच्या नकळत घरच्या ग्रुपवर जाऊन पडलाय.

टोकाला बसून कणसं खाल्ली, कच्चीच, कवळी होती. खाली खानदेशाची शेतं, आणि मागं गौताळ्याचं जंगल. हे औट्रमघाट गौताळा अभयारण्य १९८६ ला जाहीर झालं, साधारण २६० चौरस किलोमीटर आहे. बिबट्या आहे, अस्वल आहे. २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत चालत एक वाघ इथं आलेला आणि कॅमेऱ्यात सापडला. तेवढ्या लांबून तो कुठल्या रस्त्यानं आला असेल यावर मामा आणि दाजींची बरीच चर्चा झाली, मामांच्या मते तो वाशीम-मेहकरवरून आला असणार कारण मामा तसे आले असते.

बाकी दिवस परतण्यात गेला. पाऊस, चिखल, झोप.

दिवस तिसरा, शनिवार

खाली उतरायचा दिवस. कन्नडचा मोठा घाट म्हणजे औट्रमघाट, खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा. पण आम्ही तिकडून न जाता गौताळ्यातून नागदला उतरलो. साग, धावडा, आणि रस्त्यावर माकडं. मामांनी आज स्टिअरिंग मागून घेतलं. घाटात त्यांचा एकच नियम, चढणाऱ्याला रस्ता द्यायचा. समोरून चढत ट्रॅक्टर आला की हे कडेला घेऊन थांबणार, मागचा मोटारसायकलवाला हॉर्न मारून शिव्या देतोय तरी ढिम्म. खाली उतरल्यावर हवा बदलली, कानाला कळतं. केळी दिसायला लागल्या, कापूस उंच झाला, आणि बोली पण बदलली. जिल्हा संभाजीनगरचाच, पण नागद-बनोटी-सोयगाव हा पट्टा बोलतो खानदेशासारखा आणि जेवतो पण.

बनोटीजवळ नायगाव. त्याच्या डोक्यावर सुतोंडा. याला कोणी साईतेंडा म्हणतं, कोणी वाडीसुतोंडा, आणि बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. पायथ्याला शेळ्या राखणारा एक पोरगा भेटला, त्याला विचारलं वाट आहे का, तर म्हणाला, "वाट शे, पन दिसत नई." याच्यापेक्षा अचूक वर्णन या किल्ल्याचं होऊ शकत नाही. गवत डोक्याच्या वर. त्यालाच पुढं घातलं आणि त्याच्या शेळ्या पण आमच्यासोबत.

ऊन असं की सप्टेंबर आहे का एप्रिल कळेना. दाजी अर्ध्या वाटेत घसरले, पाच-सहा फूट बसल्या बसल्या खाली गेले, पँट फाटली, मोबाईलची काच गेली, पण ठेच्याची डबी हातात शाबूत. शेळ्या बाजूनं उड्या मारत वर गेल्या आणि वरून वळून बघत होत्या, तो अपमान वेगळा.

पण वर पोचलात की कळतं का यायचं. इथल्या लोकांनी काय केलंय, डोंगराची धारच आडवी कापून काढलीय, खंदक केलाय, आणि त्याच कातळात दरवाजा कोरलाय. दगड रचून बांधलेला नाही, कोरलेला. लेणं कोरावं तसा किल्ल्याचा दरवाजा. त्या कापलेल्या खिंडीत उभं राहिलं की दोन्हीकडं छिन्नीचे फराटे दिसतात, थंडगार वारा येतो, आणि बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. आम्ही तिथं पाऊण तास पडून राहिलो. बारक्यानं मोबाईल काढला पण व्हिडिओ न करता परत ठेवला, म्हणाला यात येत नाही.

आत गेलं की टाकीच टाकी. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, एक संपलं की दुसरं, काही खांब सोडून आतपर्यंत कोरलेली, काही उघडी, काहींत कमळं. आम्ही मोजायला घेतली आणि सोडून दिली. दुष्काळी म्हणून आपल्या भागाला हिणवतात त्यांना इथं आणून उभं करावं वाटतं. वर नदी नाही, विहीर नाही, पडेल तेवढा पाऊस फक्त, आणि तेवढ्यावर अख्खी शिबंदी वर्ष काढायची. मी आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर मागवतो.

उतरताना त्या पोरानं आडवाटेनं एका लेण्यापाशी नेलं. जोगणा मावशीचं घर म्हणतात त्याला. आत मूर्ती जैन आहेत, अंबिकेची आहे, मांडीवर मूल. गावाला ती मावशी वाटली आणि त्यांनी तिला मावशी केलं. या डोंगरात एकाच कड्यावर बौद्ध, जैन, महादेव, दर्गा असं सगळं आहे आणि गावकऱ्यांनी सगळ्यांना आपापली नाती लावून टाकलीत.

पोराला पैसे दिले ते त्यानं घेतले, पण ठेचा बघून हरखला. दाजींनी स्वतःच्या हातानं डबी उघडून दिली. त्या माणसाला अठरा वर्षं ओळखतो, असं कधी बघितलेलं नव्हतं.

जेवण बनोटीच्या पुढं एका घरगुती खानावळीत. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं, त्या पिठाची जाड काळपट भाकरी, आणि पाटोड्यांची भाजी. बेसनाच्या वड्या झणझणीत काळ्या रश्श्यात. मी भरीत मागितलं तर त्या काकू हसल्या, "भरीत थंडीत या खायला, आत्ता ती वांगी नाही." मिळतंय म्हणून काहीपण वाढलं नाही हे फार आवडलं. दाजींनी चार भाकरी खाल्ल्या. त्यानंतर सोयगावपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

दिवस चौथा, रविवार

सोयगावहून हळद्याकडं चढणारा घाट, आणि घाटाच्या डोक्यावर वेताळवाडीचा किल्ला. इथं मामांचं म्हणणं सिद्धच झालं. किल्ला घाटावर असा बसलाय की खालून एक बैलगाडी निघाली तरी वरच्या माणसाला दिसावी. मामा या किल्ल्याखालून किती हजार वेळा गेले असतील, त्यांना फक्त इथलं वळण आठवतं, तिसऱ्या गिअरला घेतलं तर गाडी बंद पडायची ते.

खिंडीतून तटाच्या कडेनं सपाट वाट आहे, अर्ध्या तासात जंजाळा दरवाजा. आख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा किल्ला हाच, लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर बाकी सोडा आणि इथं या. दरवाजा उंच, वरती शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी कोरलेले. तटबंदी बऱ्यापैकी शाबूत, पुरातत्त्वानं डागडुजी केलेली दिसते. आत अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार, तेल-तूप साठवायचं टाकं, घुमटाची एक इमारत, आणि उत्तरेच्या टोकाला दोन कमानींची एक बारादरी. त्या कमानीत बसलं की खाली वेताळवाडीचं धरण, सोयगाव, पार लांबपर्यंत सगळं. वारा एवढा की टोपी उडाली. मामा एकटेच बराच वेळ कमानीत बसले होते. खालून लाल एसटी घाट चढत होती, वळणावर दिसायची, झाडीत जायची, परत दिसायची. मामा मनातल्या मनात गिअर टाकत होते, डावा हात हलत होता.

समोरच्या डोंगरात रुद्रेश्वराची लेणी. खाली उतरून गेलो, छोटीच आहेत पण गणपती मोठा आणि ठसठशीत, महादेवाची पिंड, नंदी, आणि शेजारी धबधबा. रविवार असल्यानं पोरांची गर्दी होती, स्पीकरवर डीजेची गाणी. पाच मिनिटात निघालो.

दुपारनंतरचा कार्यक्रम मामांनी गुप्त ठेवलेला. घाट चढून वर आलो की सिल्लोड तालुका, हिरव्या मिरचीचा मुलूख. एका गावात, वाड्यासारख्या घरापुढं गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरून मोठ्यानं आवाज दिला, "मास्तर, डबल बेल!" आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, दोन सेकंद बघितलं आणि तोंडानंच टिंग टिंग केलं. मामांचे कंडक्टर. अकरा वर्षं एका गाडीवर जोडी होती, आणि आता किती वर्षांनी भेटत होते ते दोघांना पण सांगता येईना. मिठी वगैरे काही नाही. मास्तर म्हणाले, "लेट झाली गाडी." मामा म्हणाले, "घाटात जाम होता."

संध्याकाळी मास्तरांच्या घरी शेंगोळे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची, मीठ टाकून घट्ट मळायचं, तेलाचा हात लावून बोटाएवढे लांब वळायचे, वेटोळं करायचं आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात एकेक सोडायचं. पाणी त्या पिठानंच दाट होत जातं. वरून कच्चं तेल. ताटलीत नाही, परातीत घेऊन खायचे. सोबत येसराची आमटी पण केलेली. येसर म्हणजे आमच्या मराठवाड्याची जान आहे, धान्य आणि डाळ भाजून, त्यात मसाला भाजून घालून दळलेलं पीठ, पूर्वी लग्नात पंगतीला हीच आमटी असायची. चिमूटभर येसर घातलं तरी घरभर वास. काकूंनी करताना मला उभं करून दाखवलं, "येसर आधी गार पाण्यात कालवायचं रे बाबा, डायरेक्ट टाकलं की गाठी होत्यात." अंबाडीची भाजी होती, ज्वारीच्या कण्या घालून. मिरची तर शेतातूनच तोडून तव्यावर.

मग अंगणात बाजा टाकल्या. मास्तर आणि मामा रात्री एक वाजेपर्यंत बोलत होते. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी रोज कोंबडी घेऊन चढायची, कोणतं हाफ तिकीट मागणारं पोरगं आता सरपंच आहे, एकदा घाटात ब्रेक लागेना तेव्हा गाडी कशी डोंगराला घासत थांबवली. ही ब्रेकची गोष्ट मामांनी घरात आजपर्यंत कोणालाच सांगितलेली नव्हती. मामींना तर अजिबात सांगू नका असं त्यांनी मला सकाळी बजावलं, म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

दिवस पाचवा, सोमवार

सकाळी जंजाळा. गावापासून जवळ, किल्ला वर आणि त्याच्या कड्यात घटोत्कच लेणी. पायऱ्यांनी खाली उतरायचं. किल्ला पसरट आहे, गवतात तट शोधत हिंडावं लागतं, आम्ही थोडा बघितला आणि लेण्यांत जास्त थांबलो. मोठा विहार, वीस खांब, आत धर्मचक्र मुद्रेतला बुद्ध. वटवाघळांचा वास. इथं वराहदेवाचा लेख आहे. हा वराहदेव म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, यानंच अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरून दिलंय. अजिंठ्याला हजारो माणसं त्याचं काम बघायला तिकीट काढून जातात आणि इथं त्याच माणसानं केलेलं दुसरं काम, तर आम्ही चौघं आणि मास्तरांचा कुत्रा. तो गावापासून मागं आला होता.

मग मास्तरांच्या घरून निघालो. मिरचीचं अर्धं पोतं गाडीत, नको म्हणायची सोय नव्हती. प्लॅन असा की शेवटी अजिंठा नीट, निवांत, सहलीसारखा नाही तर मोठ्या माणसासारखा बघायचा. शिवना ओलांडून पुढं गेलो तेव्हा बारक्यानं सहज मोबाईलमधे टायमिंग बघितलं. सोमवारी बंद.

गाडीत शांतता. मग दाजी माझ्याकडं बघायला लागले कारण प्लॅन माझा. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे अख्ख्या डेपोला पाठ असतं. मी म्हणलं, मामा मग सांगायचं ना. म्हणाले, तुम्ही विचारलं कुठं, मॅपला विचारलं.

तर मग लेणापूरकडून व्ह्यू पॉईंटला गेलो. लेण्यांच्या बरोबर समोरचा कडा. १८१९ सालच्या एप्रिलमधे जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आलेला, त्याला समोरच्या झाडीत दहा नंबरच्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात, आणि त्यानं आत जाऊन खांबावर स्वतःचं नाव पण खरडून ठेवलंय. तिथं उभं राहिलं की वाघूर नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलेलं दिसतं आणि त्या वळणाच्या पोटात लेण्यांची ओळ, एका टोकाला धबधबा, एका कुंडातून दुसऱ्यात असा टप्प्याटप्प्यानं पडणारा. पाणी भरपूर होतं. आज बंद असल्यानं लेण्यांपुढच्या वाटेवर एक पण माणूस नाही. सातवीत मी आत अंधारात फक्त पुढच्या पोराची मान बघितली होती. आख्खा डोंगर एका नजरेत हा असा पहिल्यांदाच.

मास्तरांकडच्या काकूंनी बांधून दिलेली भाकरी, मिरची आणि उरलेले शेंगोळे तिथंच कड्यावर बसून खाल्ले. गार शेंगोळे गरमपेक्षा चांगले लागतात, माझं मत. मामा लेण्यांकडं पाठ करून फर्दापूरकडं उतरणारा रस्ता कुठं दिसतोय का ते शोधत होते. बारक्या आणि दाजींनी समोरची लेणी मोजायला सुरुवात केली, बारक्याची एकोणतीस भरली, दाजींची सव्वीस. परत मोजली. बारक्याची अठ्ठावीस झाली, दाजींची सव्वीसच. दाजी म्हणाले ते वरचं धरायचं नाही, ते अर्धवट आहे. बारक्या म्हणाला अर्धवट असलं तरी नंबर आहे त्याला. सिल्लोड मागं गेलं, जालना आलं, डोळ्यात मिरची झोंबत होती, काचा खाली करून गाडी चाललेली आणि मागच्या सीटवर अजून तेच चालू होतं.